चार बोटं खाली आणलेली गाडी

हल्ली महाडच्या नाक्यावर संध्याकाळी जरा उभं राहिलं की एखादी तरी गाडी अशी जाते, की तिचं पोट रस्त्याला टेकायचं तेवढं बाकी असतं. आत गाणी लावलेली, काचा काळ्या, आणि स्पीडब्रेकर आला की गाडी तिरकी करून जीव मुठीत धरून ओलांडायची. पोरं हौसेने स्प्रिंगा कापून घेतात म्हणे. आमच्या घरातले भाचे-पुतणे त्या गाड्यांकडे माना वळवून वळवून बघतात. मी बघत नाही. आमच्याकडेही एक गाडी अशी खाली आणली होती, त्याला आता बरीच वर्षं झाली, मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाने ती आणली होती, आणि हौस वगैरे काही नव्हती. आईसाठी आणली होती.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. निम्मी माणसं मुंबईला, आणि उरलेल्यांत बाया, म्हातारी आणि गुरं. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. माझं लग्न महाडला झालं, भाऊ कारखान्यात लागला आणि बिरवाडीला खोली घेऊन राहिला, आणि आई वाडीतच, माझ्या भावजयीबरोबर. तिला तिथून हलवायचं कुणी मनातही आणलं नाही. माझ्याकडे यायची ती दोन दिवसांसाठी, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणायची, "माझ्या शेळ्यांना कोन बघतंय गो?" जणू भावजय शेळ्या विकूनच बसली असेल!

मग ती पडली. दसऱ्यानंतर गवत कापायला डोंगरावर गेली होती, उतारावर भाऱ्यासकट घसरली आणि खुबा मोडला. तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. वाडीतल्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि तिला खाली आणलं. परतीचा पाऊस पडत होता म्हणून वरून आणखी एक घोंगडी टाकली, तोंडावरून. अर्ध्या वाटेत पोलादपूरचा बाजार करून वर येणारी माणसं भेटली. डोली बघून ती बाजूला झाली. एकाने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

आतून आई बोलली, "कोन नाय गेलं. मी हाय अजून!"

वाडीत हा किस्सा पोट धरधरून सांगत. सांगणाऱ्यांत आईपण असायची, टोपी काढणाऱ्याची नक्कल करून दाखवायची. पण मला एकटीला तिने पुढचं सांगितलं होतं. त्या माणसांबरोबर एक बाई होती, तिने चुकचुक केली आणि म्हणाली, "लय सोसलंन बिचारीनं." आई म्हणाली, "माझ्या कानांनी ऐकलं गो. घोंगडीखाली अंधार, चौघांचे पाय वाजतायत, आनि ती बाई माझं सगळं संपल्यासारखं बोलतेय. मला वाटलं, खरंच तर गेले नसेन मी?" हे सांगताना तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. आई घाबरलेली मी त्या एकाच वेळी बघितली.

तेव्हापासून तिने एक धरलं. तिला कुणी उचलायचं नाही. डोली नाही, खुर्ची नाही, पाठुंगळी नाही, काखेत हातसुद्धा नाही. "मला उचलायचं ते मेल्यावर. तेव्हा मी काय बोलनार नाय." खुबा वाकडातिकडा जुळला. सपाटीला ती काठीने चालायची, उतारावर आडवी आडवी उतरायची, पण तो उजवा पाय जमिनीवरून उचलायचाच नाही. उंबरा ओलांडायचा तर लुगडं मुठीत धरायची आणि पाय हातानेच आत ओढून घ्यायची. एसटीची पायरी तिला बंद झाली, पोलादपूरच्या जीपगाड्या बंद झाल्या. ती वाडीत राहिली आणि आम्हीही त्यात काही वाईट मानलं नाही, कारण तिला कुठे जायचंच नव्हतं.

जायचं झालं ते मावशीमुळे. आईची ही एकच बहीण, पाठची. दोघींना दिलं ते आंबेनळी घाटाच्या दोन अंगांना, आई खाली पोलादपूरकडे आणि मावशी घाटमाथ्यावर, रस्त्यापासून आत एका वाडीत. तरण्या होत्या तेव्हा जंगलातल्या पायवाटेने एकमेकींकडे जायच्या यायच्या. डोक्यावर पाटी, आणि वाटेतच अर्ध्यावर भेटून, पाटीतल्या भाकऱ्या तिथेच खाऊन, घरी न जाताच परत फिरायच्या, असंही करायच्या म्हणे. नवऱ्यांना काय सांगायच्या ते देव जाणे. आई पडल्यावर मावशी दोनदा येऊन गेली. मग मावशीलाच अंथरुणाने धरलं. अंगावर सूज, अन्न जाईना, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, गावातल्या दुकानातून माझ्या महाडच्या घरी फोन करायचा. "ताई, आई सारखी मावशीचं नाव घेते. बोलायचं हाय म्हनते." काय बोलायचंय, ते ती त्याला सांगेना. म्हणे, तिलाच सांगीन.

हा निरोप मी वर वाडीत पोचवला. आई शेंगा फोडत बसली होती. तिने हात थांबवला नाही. फोडता फोडताच म्हणाली, "तिला कळव. येते म्हनावं. माझ्या पायांनी येते."

आता हे पायांनी जमायचं कसं? पण योग असा की भावाने त्याच सुमाराला एक जुनी गाडी घेतली होती. आधी मुंबईत टॅक्सी होती, मग घाटात भाडी मारत होती, आणि मग कोणालाच नको झाली तेव्हा आमच्या भावाला हवी झाली. वाडीला तोवर रोजगार हमीतला लाल मातीचा रस्ता झाला होता. सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन वर आला, अंगणात हॉर्न वाजवला आणि मागचं दार उघडून उभा राहिला. आई पाठमोरी होऊन सीटवर टेकायला गेली. सीट उंच. आधीच्या मालकाने जास्त माल लादायला मागच्या स्प्रिंगेत लोखंडी पट्टीचा एक जादा पाटा घातला होता, त्यामुळे गाडीचं बूड वर उठलेलं, आणि आई मुळातच बुटकी. भावजयीने पाट आणून ठेवला. पण पाटावर चढायचं तर तोच पाय उचलायला हवा, जो उचलत नव्हता. आई दोनदा सरकली, दोनदा घसरली. भावाने न राहवून तिच्या कमरेला हात घातला, तर आईने काठी हाणली. खरोखर हाणली, मनगटावर वळ उठला त्याच्या.

मी म्हटलं, "आई, क्षणभर उचलून ठेवेल तो तुला, त्यात काय एवढं?"

"तू गप गो!"

भाऊ मनगट चोळत खाली बसला. त्याने आईची कंबर आणि सीट यांच्यामध्ये बोटं लावून बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "चार बोटं कमी पडतायत नुसती. चार बोटं गाडी खाली आनतो, मग तू आपली ओसरीवर टेकल्यासारखी टेक. कोनाचा हात नको." आईने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्या क्षणी त्या दोघांचं ठरलं, आणि मी, भावजय, मावशी, सगळ्या त्यांच्या त्या चार बोटांना बांधल्या गेलो.

आता ऐकणारे मला विचारतात, अहो, पण गाडी एखाद्या बांधाला लावून उभी करायची ना, बांधावरून सरळ सीटवर. बरोबर आहे. आमच्या वाडीत बाई डोक्यावर भारा घेते तीसुद्धा बांधाखाली उभी राहून, कुणी वाकून जमिनीवरून उचलत नाही. जन्मभर केलं ते आम्ही. पण तेव्हा एकाला सुचेल तर शपथ! सगळ्यांच्या डोक्यात गाडी खाली आणायचंच बसलं होतं. या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

मागचं काम सोपं झालं. महामार्गावरच्या गॅरेजवाल्याने जादा पाटा सोडवून काढला आणि गाडीचं बूड लगेच उतरलं. पण चार बोटं भरायची तर पुढची बाजूही उतरायला हवी होती, आणि पुढे गोल स्प्रिंगा. आखूड स्प्रिंगा नव्या आणायच्या तर मुंबईहून, आणि भावाची सगळी पुंजी गाडी घेण्यातच गेलेली. मग आहेत त्याच कापायच्या. गॅरेजवाला नको म्हणत होता. घाटातली गाडी आहे, खाली बसवून काय करणार, म्हणाला. भावाने ऐकलं नाही. कारखान्याजवळ लोखंडी जाळ्या-दरवाजे करणारा त्याचा एक दोस्त होता, त्याच्याकडे गॅसकटर. फुकटात काम. दोघांनी मिळून दोन्ही स्प्रिंगांचा वरचा वेढा गॅसवर कापून टाकला.

विळ्याला पाणी दिलेलं असतं, आणि विळा आगीत पडला की ते उतरतं, मग तो गवतदेखील धड कापत नाही, हे आमच्या वाडीत पोरासोरांना ठाऊक. भावालाही ठाऊक होतं. पण गाडीच्या स्प्रिंगेलाही तसंच पाणी दिलेलं असतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. गाडी पहिल्या दिवशी चार बोटं खाली होती, झकास. बिरवाडीच्या चाळीत त्याने शेजाऱ्यांना चहा पाजला. आठवडा गेला नाही तोवर उजवी बाजू बसत बसत चाकावर आली. गाडी उभी असताना लंगड्या माणसासारखी एका कुशीवर कलायची. चालवली तर चाक मडगार्डला घासून रबराचा वास सुटायचा.

मावसभावाचा फोन आला. "कधी येताय? जेवन अगदीच सुटलं."

मी बिरवाडीला गेले आणि भावाला नाही नाही ते बोलले. चाळीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, इतकी बोलले. "मावशी तिकडे डोळे लावून बसलीय आणि तू इथे लोखंड शिजवत बस! आईला सांग सरळ, की जायचं असेल तर उचलून नेतो, नाहीतर बस घरी!"

तो म्हणाला, "तू सांग की मग."

मी वाडीत गेले, पण सांगितलं नाही. आईने माझ्यासाठी घावणे केले होते, आणि मावशीला द्यायचं म्हणून नवं लुगडं घडी करून उशाशी ठेवलं होतं. तिने विचारलं, "गाडी झाली काय गो?" मी म्हटलं, "होतेय."

भाऊ भंगारवाल्यांकडे हिंडला आणि तशाच गाडीच्या दुसऱ्या स्प्रिंगा शोधून काढल्या. या वेळी त्याने आगीचं नाव काढलं नाही. हातकरवतीने कापायच्या ठरवल्या. ड्युटीवरून आला की चाळीच्या ओट्यावर बसायचा, स्प्रिंग दोन पायांत दाबून धरायची आणि करवत ओढायची. स्प्रिंगेचं लोखंड असं चिवट की पाती मोडायची. मधूनमधून तो कापावर पाणी ओतायचा. त्याच्या पोटऱ्यांवर गंजाचे डाग आणि ओरखडे. मी एकदा तिथे बसून बघितलं आणि मला भांडताही येईना. तो इतक्या मन लावून, इतक्या हळूहळू कापत होता. एक वेढा झाला, गाडीत बसवून बघितला, अजून थोडं हवं होतं, परत काढलं, परत कापलं. अशाने दिवस जात राहिले. मावशीकडचे फोन मग कमी झाले. तिकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ते कमी झाले होते, हे मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं बरं असेल.

शेवटी गाडी झाली. आणि मग समोर आलं की ती वाडीत चढतच नाही. लाल रस्त्यावर मधोमध वर आलेले धोंडे. पहिल्याच चढाला पोट घासलं. भावाने कपाळावर हात मारला. गाडी खाली डांबरी फाट्यावर उभी करून तो वर चालत आला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलली. उजाडताच घरून निघाली, आडवी आडवी उतरत, बसत, उठत, फाट्याला आली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. आम्ही तिच्या मागेपुढे, पण हात कुणी पुढे केला नाही. तिच्या ओठांच्या वरच्या बाजूला घाम साचला होता. मला तिचा अभिमानही वाटत होता आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

फाट्यावर वाडीतली माणसं आधीच हजर. आजारी माणसाकडे रिकाम्या हातांनी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वाडीतली बाई बहिणीला भेटायला जातेय म्हटल्यावर घराघरातून आलं. कुणी तांदूळ, कुणी नाचणी, कुणी सुकट, कुणी कोकम, एकीने पाय बांधून कोंबडीच आणली. डिकी भरली. मग पायाशी ठेवलं. "आमचं पन घेऊन जावा की," असं म्हणणाऱ्याला नको कोण म्हणणार? ज्या गाडीचा पाटा आम्ही ओझ्यासाठीच घातलेला म्हणून काढून टाकला, तिच्यात आम्ही अख्ख्या वाडीचं ओझं भरलं.

आई दाराशी आली. पाठमोरी झाली. टेकली. खरंच, ओसरीवर टेकावी तशी टेकली. मग लुगडं धरून उजवा पाय आत घेतला, डावा घेतला, आणि मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. म्हाताऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ दार लावताना डोळे पुसत होता. मीही रडले, खोटं कशाला बोलू. सगळा राग त्या क्षणी गेला माझा.

आंबेनळी लागला आणि गाडीने हाल सुरू केले. कापलेल्या स्प्रिंगा दगडासारख्या कडक. रस्त्यातला खडा न् खडा आतमध्ये लागत होता. मागे ओझ्याने बूड बसलेलं, प्रत्येक वळणाला चाक घासत होतं. आई खिडकीची दांडी धरून बसली होती, आणि खड्डा आला की तिचा चेहरा आवळायचा. मी विचारलं, "दुखतंय?" तर म्हणे, "नाय." अर्ध्या घाटात चाकातून धूर यायला लागला. तिथल्या चहाच्या टपरीवर भावाने पोती उतरवून ठेवली, कोंबडी तेवढी आईने सोडली नाही. गाडी थोडी उठली. मग बैलगाडीच्या चालीने वर निघालो. खाली दरीकडे बघून आई एकदाच बोलली, "हितनं आमची वाट जायची." कुठून ते मला दिसलं नाही, सगळी झाडीच होती.

मावशीच्या वाडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाडी अंगणात घेतली. अंगण उताराचं, आईचं दार वरच्या अंगाला आलं, म्हणजे तिथली जमीन जवळजवळ सीटच्या बरोबरीने. भावाने दार उघडलं. आईने दोन्ही पाय बाहेर काढले, काठी रोवली आणि उठायला गेली.

उठताच येईना.

बसायचं कसं याचाच आम्ही सगळ्यांनी विचार केला होता. उठायचं कसं याचा एकानेही केला नव्हता. गुडघे छातीशी आलेले, खुब्यात जोर नाही, आणि गाडी इतकी खाली की रेटा द्यायला जागाच नाही. आई पुढे झुकायची, काठी थरथरायची, आणि ती परत मागे पडायची. भाऊ समोर उभा. त्याचे हात पुढे यायचे आणि परत मागे जायचे.

तेवढ्यात मावसभाऊ घरातून आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने आईच्या पायांना हात लावला आणि तिथेच उकिडवा बसून म्हणाला, "मावशी, उशीर झाला गो. कालपासनं आईची वाचा गेली. कालपतोर बोलत होती. तुझंच चाललं होतं, आली काय, आली काय."

आईने त्याच्याकडे बघितलं. मग दाराकडे. आतून कुणाच्या तरी घरघरणाऱ्या श्वासाचा आवाज येत होता. तिने आणखी एकदा काठी रोवली, आणखी एकदा जोर केला आणि परत सीटवर पडली. तिची कोंबडी मांडीवरून खाली पडून फडफडत होती.

"उचल," ती म्हणाली.

भावाला ऐकू गेलं, पण कळलं नाही. तो तसाच उभा.

"ऐकू येत नाय काय रे? उचल मला. लवकर ने!"

त्याने तिला उचललं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. आई डोळे घट्ट मिटून होती आणि तिने त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली होती. अंगणातल्या बाया बाजूला झाल्या. कुणीही काही विचारलं नाही. उंबऱ्यातून आत जाताना तिचा उजवा पाय चौकटीला आपटला, तरी ती हूं की चूं करेना.

मावशी खाली अंथरुणावर होती. सुजलेली, ओळखू येऊ नये अशी. पण डोळे उघडे होते, आणि आईला शेजारी ठेवल्यावर ते डोळे तिच्याकडे वळले. ओठ हलले. आवाज नाही. परत हलले. बोटं गोधडीवर सरकत सरकत आईच्या मांडीपर्यंत आली.

"बोल ना गो," आई म्हणाली. "आलेय मी. बोल."

मावशीच्या घशातून घरघर तेवढी आली. डोळ्यांतून पाणी गेलं, कानाकडे.

मग आईच बोलायला लागली. गाडीत कसे धक्के बसले, चाकातून धूर कसा आला, कोणी काय काय दिलं, भावजयीला कितवा महिना. मध्ये थांबायची, मावशीच्या तोंडाकडे बघायची, आणि तिच्या वाटचंही आपणच बोलायची, "हो गो, तुझं पन खरंच हाय," असं. लुगडं उलगडून तिच्या अंगावर घातलं. दिवे लागले तरी बोलत होती. मी चुलीजवळ बसून ऐकत होते. एकदा तिचा आवाज बदलला. तिने मावशीच्या कपाळावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "पयल्याच दिवशी म्हनायला हवं होतं मी, उचला म्हनून. माझा मेलीचा हट्ट. काय सांगायचं होतंस गो मला? काय होतं?"

दारात भाऊ उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो अंगणात गेला. मी मागे गेले नाही. काय सांगणार होते त्याला? सगळं प्रेमानेच केलं होतं त्याने, आणि त्या प्रेमातच दिवस गेले होते. आईचाही राग येत नव्हता. तेव्हा मला कुणाचाच राग आला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. राग असता तर काहीतरी धरायला मिळालं असतं.

आई तिथेच राहिली. भावाला ड्युटी होती, मला घर होतं. आम्ही परत आलो. थोड्याच दिवसांनी फोन आला. मावशी गेली. आईने तिला शेवटचं पाणी पाजलं, पण शब्द काही परत आला नाही. त्या दोघींमधलं ते जे काही होतं, ते मावशीबरोबर गेलं. आम्ही नंतर पुष्कळ अंदाज केले, आईने एकही मान्य केला नाही.

तेरावं झाल्यावर आम्ही तिला आणायला गेलो. भाऊ गाडी घेऊन आला नाही, पोलादपूरहून भाड्याची जीप केली होती. त्याची गाडी पुढे कितीतरी महिने बिरवाडीला चाळीपुढे उभी होती आणि मग भंगारात गेली.

मावशीच्या पडवीत आई बसली होती. वाळलेली, केस विस्कटलेले. आम्ही अंगणात पाय टाकला तशी तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली. भाऊ पायरीपाशी येऊन थांबला. आईने त्याच्याकडे बघितलं आणि आपणहून दोन्ही हात वर केले.

भाऊ तिथेच पायरीवर मटकन बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.  आईचे हात तसेच वर होते.